महाराजांचा नसलेला किल्ला

सुरतेच्या डिंडोलीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी मी मराठीचा वर्ग घेते. मुलं गुजराती शाळांत शिकतात, घरी अहिराणी बोलतात आणि भांडतात हिंदीत. पुस्तकी मराठी त्यांना परकीच. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधल्या, कापड रंगवणाऱ्या एका कामगाराची मुलगी तेवढी जीव लावून शिकायची. गोष्टीचं पुस्तक दिलं की पुढच्या रविवारी वाचून परत. तिच्यासाठीच मी वर्ग चालवत होते म्हटलं तरी चालेल.

वारशाचा धडा आला, म्हणून सगळ्यांना तापीकाठच्या किल्ल्यावर नेलं. दारातच पोरांनी चपला काढल्या, उंबऱ्याची माती कपाळाला लावली आणि महाराजांचा जयजयकार केला. किल्ला म्हटला की तो महाराजांचाच, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. तिकीट फाडणारा म्हातारा हसला, "बेटा, आ किल्लो तो एमनी सामे हतो."

खरंच होतं ते, किल्ला महाराजांच्या विरोधातलाच. महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा इथला सुभेदार जीव मुठीत धरून याच किल्ल्यात दडला होता.

त्या कामगाराच्या मुलीनं विचारलं, "बाई, मग किल्ल्याबाहेरच्या लोकांचं काय झालं?"

घरं लुटली गेली, जळली, मी सांगितलं. स्वराज्याला पैसा हवा होता, हेही सांगितलं. दोन्ही बाजू लिहून आणा, म्हटलं.

पुढच्या रविवारी तिच्याऐवजी वडील आले. हातांवरचा रंग धुऊनही गेला नव्हता.

"ताई, मिलमा आमले रोज चिडावतस, लुटारा उनात म्हनीसन. आम्ही हाशी टाकतस. काल पोरनी घरमा तेच वाची दखाडं."

मिलमधला 'लुटारू आले' हा टोमणा माझ्या धड्यातून त्यांच्या घरात शिरला होता. तरी मला रागच आला. "खोटं कसं शिकवू, दादा?"

"खोटं नका शिकाडू," ते शांतपणे म्हणाले. "पन मी तिले आते धाडाव नही."

धडा बरोबर शिकवला आणि मुलगी गमावली. राग कुणावर काढू? त्या माणसावर तर काढवत नाही. तेव्हापासून वर्गात शिरताना मन उदास होतं.

परवा भाजीबाजारात बापलेक दिसले. मी तिला विचारलं, "काय वाचतेस सध्या?"

तिनं आधी वडिलांकडे पाहिलं. मग मान खाली घालून गुजरातीत म्हणाली, "कंई नथी वांचती."