कालचं रेकॉर्डिंग

दोहातल्या ज्या हॉटेलात मी साउंड सांभाळतो, तिथे संध्याकाळी रुमानियाचा एक लोककलाकार वाजवतो. ओळीनं जोडलेल्या वेळूच्या नळ्यांची त्याची बासरी. नळ्यांच्या तळाशी सूर जुळवायला मेण असतं, ते उन्हात मऊ पडतं, म्हणून तो ती जेवणाच्या थंड पिशवीतून आणतो. प्रत्येक धून संपली की माझ्याकडे बघून भुवई उडवतो, "गुड?" मी अंगठा दाखवतो.

परवा त्याचा खालचा ओठ थरथरत होता. "मॅनेजरला सांगू नकोस, माय फ्रेंड. कालचं रेकॉर्डिंग लाव."

मी लावलं. तो बासरी नुसती ओठांपुढून फिरवत राहिला. टाळ्या नेहमीपेक्षा जास्तच पडल्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

आज ओठ अगदी स्थिर होता. तरी पिशवी उघडायच्या आधीच त्यानं हळूच विचारलं, "तेच लावशील?"