पाचनंतर गावाबाहेर जायचं नाही

त्या हिवाळ्यात धाकट्या बहिणीला बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली होती आणि संक्रांतीनंतर हजर व्हायचं होतं. आई म्हणाली, "ताई म्हणन तसं." घरात पगार माझा येत होता, म्हणून शेवटचा शब्दही माझाच. मी म्हटलं, बघू. हे 'बघू' मी जमेल तितकं ताणलं, आणि त्या काळातले सगळे रविवार आम्ही भुताखेतांचा खेळ खेळण्यात घालवले.

हा खेळ मी नागपूरच्या होस्टेलात शिकले होते. त्याला ना पट असतो ना सोंगट्या. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि एखादं अवघड काम जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. होस्टेलातल्या त्या फाशांची पुरचुंडी घेऊनच मी चांद्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरला परत आले. वडील ड्युटीवर असतानाच गेले, त्यांच्या जागी मला अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळाली. ती घेताना लिहून द्यावं लागतं, की मी आईचा आणि बहिणीचा सांभाळ करीन. मी मनापासून लिहून दिलं. पुण्याला एम.एस्सी.चा प्रवेश झाला होता, तो सोडला. याचा राग येतो का, असं कोणी विचारलं तर मी नाही म्हणायचे. येत होता. अजूनही येतो.

खेळायला आम्ही चौघं. गोष्ट चालवणारी मी. बहीण. बॉयलर सेक्शनमधले, सगळे ज्यांना 'भाऊ' म्हणत ते, वडिलांच्या बरोबरीचे, ज्यांना निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि घरी बायको बोलू देत नव्हती. आणि त्यांचा साळा, व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधला वनरक्षक, जो सुट्टीच्या दिवशी आपल्या बहिणीकडे, म्हणजे भाऊंच्या घरी, जेवायला यायचा आणि भाऊंच्या मागे मागे आमच्याकडे. आई सकाळी विहारात जाऊन यायची, जेवणं उरकायची, आणि मग जेवणाचं टेबल आमच्या ताब्यात.

मी त्यांच्यासाठी एक दरी रचली होती. चहूबाजूंनी बर्फाचे डोंगर, मधे काळं जंगल, एका कड्यावर जुना किल्ला, आणि त्यात तीनशे वर्षं न मेलेला एक सरदार. खाली एक गाव, तिथली सगळी दारं-खिडक्या बंद. दरीभोवती दाट धुकं. त्या धुक्यात जो शिरेल तो चालत चालत पुन्हा त्याच गावाच्या विहिरीपाशी येऊन पोचेल, असा नियम. माझ्या दृष्टीनं झकास काम झालं होतं. पहिल्या प्रयोगाला मी खिडक्यांचे पडदेसुद्धा ओढले.

"किल्ला म्हंजे आपल्या चांद्याच्या परकोटासारका काय?" भाऊंनी विचारलं.

मी म्हटलं, तसाच समजा.

मग मी जंगलातून एक आरोळी ऐकवली. लाकूडतोड्या बेपत्ता आहे असं सांगितलं, बर्फावर रक्ताचा माग दाखवला. होस्टेलातल्या मुलींनी इथे तलवारी उपसल्या असत्या आणि थेट किल्ल्याकडे धाव घेतली असती. खेळाची रीतच ती आहे. आमचा वनरक्षक पुढे झुकून म्हणाला, "ताई, पंजाचे ठसे हायेत काय?"

"नाहीत. हे काही वाघाचं प्रकरण नाही."

"ते तुमी काऊन ठरवता? पंचनामा तर होऊ द्या."

आणि तिथून गोष्ट माझ्या हातातून निसटली. भाऊंनी, जे खेळात मंत्र जाणणारे साधू होते, गावाला हुकूम काढला की पाचनंतर कोणी गावाबाहेर जायचं नाही. लाकडाला जायचं तर चारचार जणींनी, डबे वाजवत. वनरक्षकानं, जो खेळात नामांकित तलवारबाज होता, वेशीवर पिंजरा लावला आणि आत बकरी बांधली. बहिणीनं गावभर दवंडी दिली. सरदार वर किल्ल्यात पंगत मांडून बसलेला. त्याच्या तोंडी घालायला मी तीन पानांचं भाषण लिहिलं होतं, आणि इकडे हे तिघं बकरीच्या चाऱ्याची चर्चा करतायत.

"अहो, तुम्ही हिरो आहात," मी कळवळून म्हटलं.

"हिरोगिरी करनारेच पैले मरते, ताई," वनरक्षक म्हणाला. तो हे चेष्टेनं म्हणत नव्हता. त्यानं मोहफुलं वेचायला गेलेल्या बाया घरी परत आणल्या होत्या, सगळ्या जिवंत नाहीत.

असे चार रविवार गेले. मी वैतागल्याचं दाखवायचे, पण मनातून मला हे गाव आवडायला लागलं होतं. कोणी कुठे जात नव्हतं. भाऊ गस्तीची पाळी लावायचे, मी चहा करायचे, आणि बहीण माझ्या समोरच्या खुर्चीवर बसलेली असायची. मला त्यापलीकडे काही नको होतं.

पाचव्या रविवारी बहीण म्हणाली, तिची खेळातली धनुर्धारी पोर धुक्यातून बाहेर जाणार आहे. एकटी.

"पाचच्या आत येजो," भाऊ म्हणाले.

"येणार नाई, भाऊ. जाऊनच राह्यली."

तिनं फासा टाकला. अठरा पडले. अठरा म्हणजे खेळात जवळजवळ काहीही जमायला हवं. मी म्हटलं, "चालत चालत तू विहिरीपाशी आलीस." पुढच्या रविवारी पुन्हा गेली. वीस पडले, ज्याच्या वर आकडाच नाही. मी म्हटलं, "धुकं फाशाचं ऐकत नाही." वनरक्षकानं माझ्याकडे पाहिलं आणि मग टेबलाकडे पाहिलं.

सातवा रविवार हा नोकरीचा होकार कळवायच्या मुदतीचा आदला दिवस होता. चौघांनाही ते ठाऊक होतं. बाहेर खरं धुकं होतं, चिमणीच्या धुरात मिसळलेलं. समोरची क्वार्टरं दिसत नव्हती. मी खेळ सुरू केला, गावात सकाळ झाली असं सांगितलं.

"मी धुक्याकडे जाते," बहीण म्हणाली.

"फासा टाक."

"नाई टाकत."

"नियम आहे."

"ताई, धुकं बिकं काई नाई. तूच मले जाऊ देऊन नाई राह्यली."

तिचा आवाज चढलेला नव्हता. भाऊंनी कपातला थंड चहा पिऊन टाकला. मला आधी भयंकर राग आला. मी तुमच्यासाठी इथे अडकले, तुझी फी भरली, आणि आता मीच तो किल्ल्यातला म्हातारा? हे सगळं ओठांवर आलं होतं. पण तिच्याकडे पाहिलं तर ती रडायच्या बेतात होती. तिच्यासाठी मी इथे राहिले होते हे खरं. ती गेली तर मी इथे कशासाठी, हे मला सांगता आलं नसतं. म्हणून मी तिला धरून ठेवलं होतं. इतकंच.

"बरं," मी म्हटलं. "धुकं सरलं. तू बाहेर आलीस."

"बाहेर काय हाय?"

मी वही उघडली. किल्ल्याच्या बावन्न खोल्या लिहिल्या होत्या, सरदाराची वंशावळ लिहिली होती, कोणत्या तळघरात कोणतं भूत ते लिहिलं होतं. दरीच्या पलीकडे एक ओळ नव्हती.

"माहीत नाही," मी म्हटलं. "तिकडचं मी काही लिहिलंच नाही."

"मंग मी जाऊन पाहीन, अन् तुले सांगीन."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. आई पोह्यांना फोडणी घालत होती. मी म्हटलं, धाकटी बेंगळुरूला जाते आहे, आज रात्रीच होकार कळवते. आईनं झारा थांबवला नाही. तसंच परतत विचारलं, "अन् तू?"

वडील गेल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून म्हटलं, "मले उद्या पैली शिफ्ट आहे."