इस्त्रीवाल्याच्या मुलीची बुरशी

आमच्या मोठ्या सरांना गरिबांचा फार कळवळा. इतका की एकही गरीब ते हातचा जाऊ देत नसत. दर उन्हाळ्यात गरीब घरातली, कॉलेजात शिकणारी हुशार पोरं दोन महिने आमच्या प्रयोगशाळेत यायची. संशोधन म्हणजे काय ते बघायचं, जमलं तर पुढे पीएच.डी.च्या वाटेला लागायचं, अशी योजना. योजना चांगलीच हो! पण पडली होती सरांच्या हातात.

त्या वर्षी इस्त्रीवाल्याची मुलगी आली. काटकुळी, कमी बोलणारी. जुन्या कापडावर कोणती बुरशी भराभर वाढते, हे तिला शोधायचं होतं. काचेच्या प्लेटा उबदार कपाटात ठेवायच्या आणि ठरल्या वेळी काढून वाढ मोजायची. वेळ हुकली की सगळी मेहनत पाण्यात. आम्ही तिला बुरशीबाई म्हणायचो. मी समोरच्या टेबलावरची कंत्राटी मॅडम, त्यामुळे प्लेटा आधी मला दाखवायची. "मॅडम, ही बघा ना, कशी माजलीय!"

पण पाहुणे आले की सरांची हाक यायची. "ये गं इकडे. हिचे वडील इस्त्री करतात बरं का!" मग पाहुणे च्च् च्च् करणार. घरात पंखा आहे का? अभ्यासाला कुठे बसतेस? बुरशीबद्दल एकानं विचारलं असेल तर शपथ! या कौतुकापायी दोनदा तिच्या प्लेटा वाया गेल्या. तिनं सांगून पाहिलं, तर सर म्हणाले, "अगं, बुरशीच ती. पुन्हा उगवेल." वा रे शास्त्रज्ञ!

पुढच्या प्रवेशाला सरांचं शिफारसपत्र लागणार होतं. म्हणून बिचारी सगळं गिळायची.

शेवटच्या आठवड्यात देणगीदार आले. तिच्याकडे आता प्लेटांचा एकच संच उरला होता. सरांनी तिला मधोमध उभं केलं. "सांग, तुझ्या कष्टांबद्दल सांग."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सर, प्लेटा काढायची वेळ झाली," म्हणाली आणि सरळ निघून गेली. सरांचं तोंड बघण्यासारखं झालं. माझ्या जिवाला काय थंडावा मिळाला म्हणून सांगू!

पाहुणे गेल्यावर सर कडाडले, "माझ्याकडे पत्र मागायला यायचं नाही!" तिनं मान हलवली. आणि पुन्हा प्लेटा मोजायला बसली.

मग पत्र मी लिहिलं. कंत्राटी बाईला विचारतो कोण, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तरी लिहिलं, की मोठमोठ्या पाहुण्यांना ताटकळत ठेवून ही मुलगी आपल्या प्लेटांकडे गेली. बाकी सगळं बुरशीबद्दलच.

मुलाखतीहून ती तडक माझ्याकडे आली. "मॅडम, प्रवेश मिळाला! त्या प्लेटांत काय निघालं, हेच आधी विचारलं त्यांनी. मी अशी बोलत सुटले, की शेवटी त्यांनीच थांबवलं."

"आणि वडिलांचं?"

"कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली, आणि तिथेच स्टुलावर बसून ढसाढसा रडली.