पापणीत रुतलेली माशी

माझे मिस्टर शिरूरकडच्या एका कारखान्यात मशीनवर आहेत. केडगावहून रोज मोटारसायकलनं जाऊन येऊन करतात आणि वाटेत भीमा लागते. गांडूळ लावून गळ टाकणारे आमच्याकडे पुष्कळ. ह्यांनी मात्र मोबाइलवर बघून खोट्या माशीची मासेमारी धरली. गळावर पिसं दोऱ्यानं बांधून माशी करायची आणि ती पाण्यावर अशी फेकायची, की चिलापी माशाला खरा किडा वाटावा. बांधायचं काम माझ्याकडे आलं, कारण ह्यांची बोटं जाड आणि मी घरी ब्लाउज शिवते.

पहिल्या माश्या चार वेळा फेकल्या की उसवायच्या. बारीक दोरा गळाच्या गुळगुळीत तारेवरून घसरायचा. मेणबत्ती घासून पाहिली, तर तिचे पापुद्रे पडले. मग खुटबावच्या मावशीकडून मधमाश्यांचं मेण आणलं. त्यांच्याकडे पेट्या आहेत. सुपारीएवढा गोळा चिमटीत धरून उबवायचा आणि त्यातून दोरा ओढायचा. दोरा चिकट होतो, पीस ठेवाल तिथं धरून बसतं. तेव्हापासून माझी एकही माशी सुटली नाही.

त्या रविवारी चर्चमधून आल्यावर आम्ही नदीवर गेलो. मी ह्यांच्या मागं, चांगली लांब, एका दगडावर बसले होते. वारा फिरला. माशी फेकायला त्यांनी काठी मागं घेतली, दोरीचा सूं असा आवाज आला आणि डाव्या डोळ्यावर कुणीतरी चापट मारल्यासारखं झालं. दुखलं असं नाही. मी डोळा उघडायला गेले आणि तो उघडेना.

"अहो, थांबा. दोरी ओढू नका."

माझा आवाज इतका शांत होता की त्यांना आधी कळलंच नाही. मग वळून बघितलं आणि हातातली काठी तशीच टाकून पळत आले. उजव्या डोळ्यानं मला त्यांचं तोंड दिसत होतं. त्या तोंडावरूनच मला कळलं, काय झालंय ते.

"हलू नगं. हात लावू नगं."

"गळ आत गेलाय का? बुबुळात?"

खिशातल्या चाकूनं त्यांनी दोरी कापली. वर काठावर पाण्याची मोटर चालू करायला आलेले एक आप्पा खाली आले, बघितलं आणि म्हणाले, "इथं काय न्हाई व्हायचं. दौंडला डोळ्याच्या दवाखान्यात न्या. मी पिकअप काढतो."

वरवंड गेलं, पाटस गेलं. मला फक्त गतिरोधक आठवतात. प्रत्येक धक्क्याला ती माशी गालावर हलायची, पिसं कातडीला लागायची, एखादा खरा किडा बसावा तशी. डोळ्यातून काहीतरी वाहत होतं.

"रक्त हाय का पाणी?" मी विचारलं.

"पाणी," ते म्हणाले. पण ते रस्त्याकडं बघत होते.

मग मला गळाचा दात आठवला. मासा सुटू नये म्हणून गळाच्या टोकामागं उलटा दात असतो. काही गळांचे दात मी पकडीनं दाबून बसवले होते, काहींचे राहिले होते. डबीत दोन्ही होते. हा कुठला? दाबलेला असेल तर गळ आला तसा बाहेर निघेल. नसेल तर ओढताना पापणी फाडत येईल. मी आठवायचा प्रयत्न करत होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तेच विचारलं. मी म्हटलं, "आठवत नाही."

दात दिसायचा तर आधी माशी सोडवायला हवी होती. त्यांनी चिमट्यानं दोऱ्याचं टोक धरलं. दोरा जरा ओढला की पापणीच वर यायची.

"हा सुटत का नाही?"

"मेण लावलंय," मी म्हटलं. माझं मलाच ते ऐकवेना.

शेवटी त्यांनी बारक्या कात्रीनं एकेक वेढा कापला. मग पापणीत बधिर करायची सुई टोचली. मी ह्यांचा हात शोधत होते, पण त्यांना बाहेर थांबवलं होतं.

"आता वर बघा. काही झालं तरी वरच बघा."

वर पांढरा दिवा होता. खाली काहीतरी ढकललं गेलं, मग तार तुटल्याचा कट्ट असा आवाज आला.

"दात होता," बाई म्हणाल्या. "टोक पुढं काढून कापलं. बुबुळावर ओरखडा आहे. नजरेचं पट्टी काढल्यावर बघू."

पट्टीखालचे ते दिवस त्या प्रवासापेक्षा वाईट गेले. मशीनवर कापड तसंच पडून होतं. एका डोळ्यानं सुईत दोरा ओवायला बसायचे, तर दोरा शेजारून जायचा. हे कामावरून आले की दारातच विचारायचे, "दुखतंय का?" मी नाही म्हणायचे. दुखत नव्हतंच. पट्टीमागं काहीच नसेल, याची भीती होती. प्रार्थनेला बसले तरी तेवढंच डोक्यात.

पट्टी काढली तेव्हा आधी सगळं धुरकट दिसलं. बाईंच्या पदराचा रंग दिसला, काठ दिसेना. बाई म्हणाल्या, "थेंब चालू ठेवा, घाई करू नका." पुढच्या रविवारपर्यंत काठ दिसायला लागला, मग भिंतीवरच्या तक्त्यातली बारीक अक्षरंही.

नजर आता बरी आहे. हे पुन्हा नदीवर जातात, गॉगल घालून. मी जात नाही. संध्याकाळी यायला जरा उशीर झाला की मी फोन लावते. ते "निघालो" म्हणतात, तरी गाडीचा आवाज येईपर्यंत मी ओट्यापाशी उभी राहते, आणि मधूनच उजवा डोळा हातानं झाकून समोरच्या घराची खिडकी नीट दिसते ना, ते बघते.