बर्गनच्या बाकावरची म्हातारी

माझं शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर वेडंवाकडं. चुकलेलं समजून घ्यावं.

घनसावंगीहून मी मुलाकडे नॉर्वेतल्या बर्गनला गेले होते. बंदरावरची जुनी लाकडी घरं पाहून आम्ही चर्चमध्ये शिरलो. देवाचं दार म्हणून मी चपला बाहेरच काढल्या. आत गर्दीत मुलगा दिसेना, तशी घाबरून दुसऱ्याच दारानं बाहेर आले. ओल्या फरशीवर मी अनवाणी, तिथली भाषा येत नाही. मुलगा सापडलाच नाही तर?

बाकावर एक म्हातारी विकायचे लोकरी मोजे मांडून विणत बसली होती. तिनं मला शेजारी बसवलं, वाकून माझे पाय पुसले आणि मोजे चढवले. एवढ्या वडीलधाऱ्या बाईनं पायाला हात लावला म्हणून मी तिच्या पाया पडले. माझं काही खाली पडलं असं वाटून तीही बाकाखाली शोधू लागली. नवे मोजे मळतील म्हणून मी पाय अधांतरी धरून बसले.

मुलगा माझ्या चपला हातात घेऊन पळत आला. "आई, कुठं गेल्तीस? कवाचा शोधून राह्यलो तुला!"

म्हातारी त्याला काहीतरी बोलली. तो ओशाळून हसला. "त्या म्हणतात, आई इथंच होती, हरवला तू होतास."

त्यानं मोज्यांचे पूर्ण पैसे दिले, तेव्हा कुठं मी पाय खाली टेकवले.