रेंडर लागलाय

एडिटरच्या घरात रेंडर लागला की इस्त्री बंद व्हायची. इस्त्री, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळंच. घरातली वायरिंग जुनी. एकदा बायकोने भर दुपारी मिक्सर लावला, फ्यूज उडाला आणि एका लग्नाची फिल्म पूर्ण होता होता गेली. तेव्हापासून नियमच पडला. एडिटरने आतल्या खोलीच्या दारातून "रेंडर लागलाय" म्हटलं, की जो कोणी जवळ असेल त्याने इस्त्रीचा प्लग काढायचा.

रेंडर म्हणजे कापलेली चित्रं, जुळवलेले आवाज, संगीत, नावं हे सगळं कॉम्प्युटरने शिजवून त्याची एक फिल्म करणं. ते शिजत असताना मध्ये हात घालायचा नाही. एडिटरचा जुना कॉम्प्युटर हे काम सवडीने करायचा. फिल्म मोठी असली की अख्खी दुपार जायची, आणि त्या दुपारी एडिटरला करायला काही उरायचं नाही. मग तो बाहेर येऊन बाबांसमोर बसायचा आणि बाबा बुद्धिबळाचा पट मांडायचे.

बाबा जन्मभर लेथ मशीनवर होते. मशीनच्या आवाजात बोलून उपयोग नसतो, त्यामुळे बोलायची सवय त्यांना लागलीच नाही, आणि एडिटरनेही ती बाबांकडूनच घेतली. आई होती तोवर दोघांचे निरोप तीच इकडून तिकडे पोचवायची. आई गेली आणि ते काम रेंडरकडे आलं. पटावर डोकं घातलं की बाबा बोलायचे. गुडघा दुखतो हे त्यांनी हत्ती सरकवताना सांगितलं. आईने एकदा रागावून घर सोडलं होतं, ही एडिटरला कधीच माहीत नसलेली गोष्ट त्यांनी वजीर मारताना सांगितली आणि वर "तुझी खेळी" म्हणाले. दोघांमध्ये जे काही नातं होतं ते या दुपारींमध्ये होतं. बाकीच्या वेळी ते एका घरात राहणारे दोन सभ्य गृहस्थ होते.

जुन्या कॉम्प्युटरने हात टेकले ते नव्या कॅमेऱ्यांमुळे. गिऱ्हाइकं आणायची ती चित्रं इतकी जड असायची, की नवरदेव हार घालायला हात वर करायचा आणि तिथेच थिजायचा. एडिटर पाणी पिऊन आला तरी हात वरच. एका शाळेचं काम तर दुसरीकडे गेलं. बायको म्हणाली, "आता घेऊन टाका बाई नवा."

घ्यायचा तर खरा, पण एडिटर एकाच खोलीत दोन धंदे करायचा. चित्रं कापायचा आणि त्याच टेबलावर निवेदनाचा आवाजही रेकॉर्ड करायचा. चित्रांना ताकद लागते, त्यासाठी मोठं ग्राफिक्स कार्ड हवं. मोठं कार्ड तापतं, म्हणून पंखे हवेत. आणि पंखे फिरले की माइकमध्ये वारा सुटल्यासारखं ऐकू येतं. त्याच्यातल्या चित्रवाल्याचं आणि आवाजवाल्याचं एकही दिवस पटेना. साउंड रेकॉर्डिंग करणाऱ्या मित्राला विचारलं तर तो म्हणाला, पंखेच नसलेला घे. कॅमेरामनला विचारलं तर तो म्हणाला, पंखे मोजूच नकोस. सल्ला देणाऱ्यांचं काय जातं.

शेवटी तो दुकानात निघाला तेव्हा बाबा चपला घालून दारात उभे होते. "मीही येतो," म्हणाले. ते आजवर एडिटरबरोबर त्याच्या बुटांच्या खरेदीलाही गेले नव्हते.

दुकानदार पोरसवदा पण जाणकार होता. प्रोसेसर किती कामं एकदम ओढतो, मेमरी किती लागेल, चित्रं कुठल्या डिस्कवर ठेवायची आणि प्रोग्रॅम कुठल्या, हे त्याने नीट सांगितलं. मग एका काळ्या डब्यावर हात ठेवला. पंखे मोठे, म्हणून सावकाश फिरणारे, म्हणून आवाज कमी. ताकद भरपूर. एडिटरमधले दोघेही गप्प झाले.

बाबांनी डब्याला कान लावला. मग विचारलं, "याचं लग्न शिजायला वेळ किती?"

दुकानदाराने एडिटरकडे पाहिलं. एडिटरने समजावलं.

"पाव तास, काका."

"आणि याच्या खालचा?"

"अर्धा-पाऊण तास."

"त्याच्या खालचा?"

"काका, त्याच्या खालचा तुमच्याकडे आहेच."

"तो काय वाईट आहे?" बाबा म्हणाले.

एडिटरचे कान तापले. लोकांसमोर काटकसर शिकवायला आलेत, असं त्याला वाटलं. "पैशाचं मी बघतो, बाबा."

"पैशाचं कोण बोलतंय," बाबा म्हणाले आणि स्टुलावर जाऊन बसले. काळा डबा बांधून होईपर्यंत ते तिथून उठले नाहीत. एडिटर मनातल्या मनात चिडला. हा माणूस कधी कौतुक म्हणून करायचा नाही, हेच त्याच्या डोक्यात.

घरी वायरमन बोलावून कॉम्प्युटरला वेगळी लाइन घेतली. आता इस्त्री कधीही चालेल म्हणून बायको खूश. पहिला रेंडर लावून एडिटर सवयीने बाहेर आला. बाबांनी पट मांडला. दोन्हीकडची दोन-दोन प्यादी पुढे सरकली आणि आतून टिंग वाजलं.

"काय झालं?"

"झाला," एडिटर म्हणाला आणि आत गेला.

मग धंदा वाढला. काम लवकर होतं म्हटल्यावर गिऱ्हाइकांच्या मनात येईल ते येऊ लागलं. मामांचं तोंड जास्त दाखवा, वहिनींचं कमी दाखवा, गाणं बदला. संध्याकाळी द्यायचं काम दुपारी मागू लागले. एडिटरला जेवायला फुरसत नाही. कॉम्प्युटर वेगवान झाला, की त्याचा मालक धावू लागतो, हे कोणत्याही दुकानात सांगत नाहीत. बाबा अधूनमधून दारात यायचे.

"काय, लागला का?"

"झालासुद्धा."

"बरं," म्हणून ते परत जायचे. बाहेर पटावर चार प्यादी पुढे आलेली, तशीच. बायको धूळ पुसताना ती उचलायची आणि पुन्हा त्याच घरांत ठेवायची.

एका दुपारी निवेदनाचं काम आलं. काळा डबा माइकमध्ये किती ऐकू येतो, हे एडिटरला तपासायचं होतं. त्यासाठी खोलीत कोणी नको. त्याने रेंडर लावला, माइक चालू ठेवला आणि चहा प्यायला कोपऱ्यावर गेला. आल्यावर दार लावून हेडफोन चढवला आणि आवाज पूर्ण वाढवला.

पंख्यांची बारीक घरघर होती. चालण्यासारखी होती. मग दार वाजलं. सपातांचा आवाज. खुर्ची ओढल्याचा आवाज. बराच वेळ काही नाही. मग अगदी जवळून, डब्याच्या तोंडाशी बोलावं तसा बाबांचा आवाज आला.

"जरा दमानं घे रे. एवढी कसली घाई तुला?"

आणि टिंग. खुर्ची पुन्हा सरकली.

एडिटरने तेवढं पुन्हा ऐकलं. मग त्याला दुकानातलं स्टूल आठवलं, आणि स्वतःच्या अकलेची त्याला लाज वाटली. गिऱ्हाइकाचा फोन थरथरत होता, तो त्याने खणात टाकला. कॉम्प्युटर बंद केला. पंखे थांबले. तो बाहेर आला.

"बाबा, रेंडर लागलाय."

बाबांनी वर पाहिलं. मशीनवर काम चढलंय की ती रिकामी उभी आहे, हे ते भिंतीपलीकडून ओळखणारे. आतून काहीच आवाज येत नव्हता. ते क्षणभर ऐकत राहिले.

"मोठा आहे?"

"मोठा आहे. दुपार जाईल."

बाबांनी चष्मा पुसला आणि पट जवळ ओढला. मग मान वळवून हाक मारली. "सूनबाई, रेंडर लागलाय."

ती आतल्या खोलीच्या उघड्या दारासमोरच इस्त्री करत होती. तिला तिथून कॉम्प्युटरचा काळा पडलेला पडदा सरळ दिसत होता. इस्त्रीची लाइनही आता वेगळी होती. तिने अर्ध्या झालेल्या शर्टावरून इस्त्री उचलली आणि प्लग काढला.