तोंडाकडं बघून सांगा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपात जेवायची सुट्टी एक वाजता होते. आठवड्यातून दोनदा तरी मी गाडी काढून पिरनवाडीला सिद्रामअण्णांच्या खानावळीत जातो. आठ टेबलं, पत्र्याचं छप्पर. आत चुलीपुढं अण्णांची बायको अंबूबाई, गल्ल्यावर सून मनिषा, आणि वाढायला स्वतः अण्णा. वय चौपन्न, अंगानं काटक, बोलणं कमी.

या खानावळीबद्दल दोन माणसांचं एक मत मी कधी ऐकलं नाही. आमच्यातला भावकू म्हणायचा, "भाकरी संपायच्या आत दुसरी ताटात पडत्या. मागायलाच लागत न्हाय." आणि युवराज म्हणायचा, "तीन येळा हाक मारली, त्यो माणूस वळूनबी बघीना. एवढा कसला माज?" मनिषाच्या मोबाइलवर लोकांनी लिहिलेले अभिप्रायही तसेच. एकानं पाच तारे देऊन 'आईच्या हातची आमटी' म्हणायचं, दुसऱ्यानं एक तारा देऊन 'मालकाला गिऱ्हाईक नको असावं.' मला वाटायचं, अण्णा लहरी असतील.

खरं कारण मला कळलं ते अक्काताईंचं प्रकरण झाल्यावर.

सोमवार होता. लोंढ्याहून एक म्हातारी बाई, अक्काताई, आपल्या मुलाबरोबर बेळगावला डोळे दाखवायला आल्या होत्या. परत जाताना खानावळीत थांबल्या. मुलाचं नाव रविराज. तो हात धुवायला गेला, तेवढ्यात अण्णा टेबलापाशी आले. बाईंनी मटकी आणि भाकरी सांगितली, पण सांगता सांगता डोळ्यांत औषध घातलेलं म्हणून पदरानं तोंड पुसलं. अण्णा मान हलवून आत गेले आणि मटणाचं ताट घेऊन आले.

बाईंना धड दिसत नव्हतं. त्यांनी भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला आणि तोंडात घातला. जन्मात कधी मटण न खाल्लेली बाई. तुकडा तोंडातून काढून त्या तशाच मोरीकडं धावल्या. रविराजनं ताट उचलून टेबलावर आपटलं.

"आई काय बोलली आणि तू काय आणलंस? बहिरा हाईस काय रं?"

मी समोरच्या टेबलावर होतो. अण्णांचा चेहरा असा झाला, जणू कुणी भर बाजारात अंगावरचं धोतर ओढलंय. त्यांनी हात जोडले. मनिषा धावत आली, पाणी दिलं, माफी मागितली. मायलेक निघून गेले. संध्याकाळपर्यंत रविराजनं लिहिलेला अभिप्राय आणि त्या ताटाचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता.

पुढचं मला मनिषानं सांगितलं. चार वाजता खानावळ रिकामी झाल्यावर अण्णा चुलीपाशी जाऊन बसले. अंबूबाई भाकरीचं पीठ झाकत होत्या. त्या वळून त्यांच्या समोर बसल्या आणि सावकाश म्हणाल्या, "तुम्हास्नी ऐकू येत न्हाय. मला सात-आठ वर्सं झाली म्हाईत हाय."

अण्णा म्हणाले, "तू कधी बोलली न्हाईस."

"तुम्ही लपवत हुता. म्हणून म्या तुमच्या म्होरं येऊन बोलत हुते."

अण्णांनी सव्वीस वर्षं वडगावात यंत्रमाग चालवला. बारा माग एका शेडमध्ये, धोट्याचा खडखडाट सकाळपासून. तिथं कुणी कुणाला ऐकू जायचं नाही, सगळे ओठांवरून आणि हाताच्या खुणांनी बोलायचे. त्या आवाजानं कान हळूहळू गेले, पण ओठ वाचायची सवय इतकी पक्की होती, की अण्णांचं स्वतःचंही लक्ष उशिरा गेलं. लॉकडाऊननंतर साड्यांची मागणी बसली, माग विकले आणि खानावळ टाकली. जो तोंडाकडं बघून बोलेल त्याचं सगळं बरोबर यायचं. जो मोबाइलवर मान घालून सांगेल किंवा पाठीमागून हाक मारील, त्याला अण्णा माजोरी वाटायचे. आणि अण्णांना तो शिक्का चालत होता. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा माजोरी बरा.

मनिषा भीत भीत म्हणाली, "मामा, तुम्ही गल्ल्यावर बसा. वाढायला माणूस ठेवू."

"न्हाय," अण्णा म्हणाले. "म्या घोळ केलाय, म्याच निस्तरणार."

दुसऱ्या दिवशी खानावळ बंद ठेवून ते कानाच्या डॉक्टरकडं गेले. डॉक्टरनं सांगितलं, दोन्ही कानांना मार बसलाय, गेलेलं परत येणार नाही, कानाच्या मशीननं थोडाफार फरक पडेल. अण्णांनी मशीनसाठी नाव नोंदवलं आणि तिथून थेट लोंढ्याची वाट धरली. रागाच्या भरातही रविराजनं त्या ताटाचं बिल फोनवरून भागवलं होतं, त्यावरून मनिषानं नंबर काढून पत्ता विचारला होता. त्यानं आधी फोन आपटला, मग तासाभरानं पत्ता तेवढा पाठवला.

दार रविराजनंच उघडलं, पण या म्हणाला नाही. अण्णा उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आतून अक्काताई आल्या.

"आक्का, मला ऐकू येत न्हाय," अण्णा म्हणाले. "तुमचे ओठ दिसले न्हाईत, आणि म्या परत इचारलं न्हाय. लाज वाटली. एवढंच सांगायला आलतो."

अक्काताईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला आणि अण्णांकडं तोंड करून एकेक शब्द सोडवून म्हणाल्या, "ऐकू न येणं हा काय गुन्हा न्हाय. पण लपवून दुसऱ्याच्या ताटात वाढायचं न्हाय."

"व्हय."

"म्या तुझ्याकडं परत जेवायला येणार न्हाय. पण शिव्याबी देत न्हाय. बस, पाणी पी."

अण्णा पायरीवर बसून पाणी प्याले आणि मिळेल त्या गाडीनं परत आले. रविराजनं लिहिलेलं काही काढलं नाही. अण्णांनीही काढा म्हटलं नाही.

त्याच आठवड्यात खानावळीच्या भिंतीवर पाटी लागली, मराठीत आणि कन्नडमध्ये, मनिषाच्या अक्षरात: 'मालकाला ऐकू येत नाही. तोंडाकडं बघून सांगा. सांगितलेलं परत म्हणून दाखवल्याशिवाय ताट येणार नाही.' अंबूबाईंना 'कमी ऐकू येतं' असं लिहायचं होतं. अण्णा म्हणाले, अर्धवट कशाला.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. फोटो बघितलेली माणसं आलीच नाहीत. जी आली त्यांच्यातली काही पोरं मुद्दाम आवाज न काढता नुसते ओठ हलवायची. अण्णा त्यांच्यापुढं उभे राहून शांतपणे म्हणायचे, "दोन अंडाकरी, चार भाकरी, आणि मला बैल म्हणालात. बैल न्हाय शिजत इथं. बाकीचं आणतो." पोरं खाली बघायची. तिसऱ्या दिवशी ती नीट बोलायला लागली.

मशीन आली तेव्हा वेगळाच त्रास. भांड्यांचा आवाज डोक्यात घणासारखा बसायचा. अण्णा घामाघूम व्हायचे. मी म्हटलं, "अण्णा, काढून ठेवा की." ते म्हणाले, "मागाचा आवाज सव्वीस वर्सं सोसला, त्यात कान गेले. ह्यो सोसला तर थोडं मिळंल." रोज एक तास, मग दोन तास, असं करत त्यांनी ती अंगवळणी पाडली.

युवराजला मीच परत घेऊन गेलो. त्यानं पाटी दोनदा वाचली. अण्णा आले, त्यानं मोबाइल उलटा ठेवला, वर बघितलं आणि सांगितलं. अण्णांनी परत म्हणून दाखवलं. ताट बरोबर आलं, आमटी मात्र खारट होती. युवराजनं तसं सांगितलं. अण्णांनी वाटी उचलली, बोट बुडवून चव घेतली आणि आत गेले. आतून अंबूबाईंचा आवाज आला, "खारट? कोण म्हणतंय?"

"म्या म्हणतोय," अण्णा म्हणाले. "घाल पाणी, आणि एक उकळी आण."

अभिप्राय अजूनही सारखे नाहीत. परवा कुणीतरी लिहिलंय, जेवण चांगलं पण फार वेळ लागतो. ते खरंच आहे. एकेकाचं परत म्हणून दाखवायचं म्हणजे वेळ जातोच. परवाच्या रविवारी आठही टेबलं भरलेली, दारात सहाजणांचं कुटुंब उभं. त्यातला बाप्या वैतागून म्हणाला, "अजून किती थांबायचं?"

अण्णांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. "किती थांबायचं म्हणालात. वीस मिनिटं. वीस म्हणजे वीसच. बसणार असाल तर बाकडं आणून देतो."

बाप्यानं बायकोकडं बघितलं, आणि बाकडं मागितलं.